संध्याकाळी न वळणारी छत्री

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचा विषय द्यायचा होता, तेव्हा मोटारीवर फिरणारी डिश करतो असं मी सरांना सांगून टाकलं. का सांगितलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. घरी चार फुटांची एक जुनी डिश पडून होती आणि आई तिच्यात मिरच्या वाळवायची, एवढंच कारण असावं. आमच्याकडे डिशला छत्रीच म्हणतात. सरांनी अट घातली की छत्री तीन वेगवेगळ्या उपग्रहांकडे आपोआप वळली पाहिजे, आणि सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ सिग्नलचे आकडे वहीत पाहिजेत. ते नसले तर प्रकल्प पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी म्हणजे काय, हे सरांना माहीत असायचं कारण नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. वडिलांची कंबर गेल्यापासून मेंढरांमागं दादा एकटाच चालतो. त्याचा उजवा गुडघा सुजतो. परभणीच्या डॉक्टरांनी त्याला चालणं कमी करायला सांगितलं होतं, आणि गंगाखेडला उसाच्या ट्रॅक्टरवर बसायचं कामही त्याला मिळत होतं. पण माझी परीक्षा होईपर्यंत थांबतो, असं त्यानं स्वतःच ठरवलं होतं. तो याबद्दल कधी बोलला नाही. रात्री मीठ घातलेल्या गरम पाण्यानं गुडघा शेकत बसायचा, तेवढंच दिसायचं.

मोटार निवडताना मी फार घोळ घातला. मोठ्या छत्र्यांना लांब दांड्याची मोटार लावतात. दांडा आत-बाहेर सरकतो आणि छत्रीला ढकलतो. तिला छत्तीस व्होल्ट वेगळे द्यावे लागतात. दुसरी मोटार लहान, खांबाच्या टोकावर बसते आणि रिसीव्हरच्या केबलवरच चालते, पण तिला वजन झेपेल की नाही याची मला शंका होती. शेवटी परभणीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून मी जुना दांडा आणला. दुकानदार म्हणाला, छत्री जड असेल तर दांडाच बरा. मी मान हलवली. मोठ्या माणसांसमोर मला पटकन दुसरं काही सुचत नाही.

अंगणात दक्षिणेचं आभाळ मोकळं दिसेल अशी एकच जागा होती, गोठ्यासमोरची. तिथला शेळ्यांचा खुंटा मी उपटला आणि खड्डा खणून लोखंडी खांब पुरला. दगड ठोकले, वर थोडं सिमेंट घातलं. पाणसळ लावून खांब चारी बाजूंनी सरळ केला. पुस्तकात लिहिलं होतं की खांब केसभर जरी कलला तरी मधला उपग्रह लागेल, पण कडेचे सुटतील. म्हणून मी ते काम मन लावून केलं. रविवारी दुपारी तिन्ही उपग्रह लागले. आईनं कौतुकानं बघितलं आणि मिरच्या कुठं घालू, असं विचारलं.

सोमवारी संध्याकाळी पोखर्णीच्या फाट्यावर एसटीतून उतरून घरी आलो, तर कडेचे दोन्ही उपग्रह गायब. मंगळवारी सकाळी बघितले तर हजर. संध्याकाळी पुन्हा नाहीत. असं आठवडाभर चाललं.

मी दांडा उघडला. आत पाणी गेलं होतं, ग्रीस चिखलासारखं झालं होतं. फेरे मोजणाऱ्या सेन्सरची एक तारही सैल होती. मला वाटलं, सापडलं. सगळं पुसून, तार जोडून बसवलं. सकाळी ठीक, संध्याकाळी नाही. मग विजेवर संशय गेला, कारण संध्याकाळी आमच्याकडे दाब कमी असतो. शेजारून ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या आणि घरची एक, अशा तीन जोडून मोटार चालवली. तरी तेच. मग सरांना विचारून दुसऱ्या जातीची, खांबावर बसणारी मोटार मागवली. चार फुटांपर्यंत चालते असं तिच्या कागदावर लिहिलेलं होतं. ती यायला आणि बसवायला दोन आठवडे गेले. पहिल्या संध्याकाळी तिनंही तेच केलं.

त्या दिवशी मी पाना हातात धरून नुसता ओट्यावर बसून राहिलो. परीक्षेला अकरा दिवस होते. कॉलेज, एसटी, मोटार, वही, याच्यापलीकडं डोक्यात काही उरलं नव्हतं. रडू येत नव्हतं, नुसतं जड वाटत होतं.

दादा मेंढरं वाड्यात घालून आला आणि शेजारी पाय लांब करून बसला. म्हणाला, "माझी मेंढरं शिट्टीवर वळतेत. तुझी छत्री काऊन वळंना?"

मी त्याला म्हणालो की दोन मोटारी झाल्या, वीज बघितली, केबल बघितली, आता मला कळत नाही. तो बराच वेळ छत्रीकडं बघत राहिला. मग गुडघा चोळत हळू बोलला, "मोटारीचं मला कळत न्हाई. पण खांब हलायलाय की. त्या बघ, शेळ्या ओढायल्यात."

मी बघितलं. तिन्ही शेळ्या माझ्या खांबाला बांधलेल्या होत्या आणि पलीकडच्या पाल्याकडं मानेनं ताण देत होत्या. उन्हाळ्यानं काळी जमीन भेगाळली होती. सिमेंटभोवती बोटभर फट पडली होती, आणि प्रत्येक ओढीला खांब कलत होता, ओढ सुटली की परत सरळ होत होता.

संध्याकाळी चाऱ्याला आणि धारेला शेळ्या त्या जागी बांधायच्या आणि अंधार पडला की आत घ्यायच्या, हे माझ्या जन्माआधीपासूनचं. खुंटा मीच उपटला होता, म्हणून आई त्या खांबाला बांधत होती. तीन आठवडे मी त्यांच्या पाठींवरून वाकून नट पिळले होते, एकीला कोपरानं बाजूला सारलंही होतं. तरी मला त्या दिसल्या नाहीत. तिथं शेळ्या असणारच, एवढंच डोळ्यांना माहीत होतं.

आईला विचारलं तर ती ओशाळली. म्हणाली, "मला वाटलं, तू शिकलेला हाईस. नको असतं तर बोलला असतास."

दादा उठला, कोपऱ्यातला जुना खुंटा घेऊन वाड्याच्या भिंतीपाशी गेला. तिथं मुरूम आहे, खुंटा सहज जात नाही. मी घण मागितला, पण त्यानं दिला नाही. दुखरा पाय बाजूला टाकून त्यानंच ठोकला. मी भेगांत खडी भरली, पुन्हा सिमेंट ओतलं, पाणसळ लावली.

दोन दिवस सिमेंट वाळू दिलं आणि मग सात दिवस आकडे घेतले. चौदा वेळा तिन्ही उपग्रह लागले. वहीतली आधीची फसलेली पानं फाडावीत असं एकदा मनात आलं. पण सकाळ-संध्याकाळचा फरक त्याच पानांत होता, म्हणून ठेवली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकी तीच पानं उघडली आणि पहिली मोटार खराब होती का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. मग खांबाचं आणि शेळ्यांचं सांगितलं. ते हसले नाहीत. शेळ्या आता कुठं बांधता, एवढंच त्यांनी विचारलं.

निकाल लागला त्या संध्याकाळी दादा गुडघा शेकत होता. पास झालो म्हणून सांगितलं. त्यानं पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "मग उद्या मेंढरं तू ने."

मी नेली. सकाळी वाड्याचं फाटक उघडताना आवाज होऊ नये म्हणून ते उचलून धरलं होतं. दादा ओट्यावर झोपला होता. ऊन तोंडावर आलं तरी तो उठला नाही, असं आईनं मला नंतर सांगितलं.