आईच्या बशीतली चित्रं

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर आईच्या तोंडात दोनच शब्द उरले. "व्हय की." बार्शीच्या बाजारात भाजीवालीला गप्प करणारी, मला आणि देवाला एकाच सुरात सुनावणारी तिची बाकीची भाषा कुठं गेली, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. "त्यांना बरंचसं समजतंय," ते म्हणाले, "पण बाहेर येत नाहीये." उजवा हात लुळा पडला होता. पाय ओढत का होईना, ती चालत होती. भाऊ पुण्याला असतो, त्याच्या इमारतीची लिफ्ट कधी चालू तर कधी बंद, म्हणून आई आमच्याकडं सोलापुरात, जुळे सोलापूर भागात आली.

थोड्याच दिवसांत कळलं की या 'व्हय की'चा अर्थ 'हो' असा नाही.

"चहा टाकू का गं?"

"व्हय की."

चहा आणला तर तिनं डाव्या हातानं कप ढकलला. "व्हय की!" आता आवाज रागाचा.

"मग पाणी देऊ?"

"व्हय की."

पाणीही नको होतं. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, पंख्याचा वारा तिला सोसत नव्हता. मी बटण बंद केलं तशी ती डोळे मिटून हळूच म्हणाली, "व्हय की." हा खरा होकार होता. पण तो बाकीच्यांतून निवडायचा कसा?

मी घरी कुकीज करते. मैदा, लोणी आणि पिठीसाखरेची साधी बिस्किटं, पण हव्या त्या आकारात कापलेली, आणि वर रंगीत आयसिंगनं काढलेली चित्रं. बारशाला पाळणे, संक्रांतीला पतंग, ईदला चंद्रकोर, नाताळला झाडं. मेंदीच्या कोनासारखाच कोन असतो. आधी कड आखायची, मग आत पातळ आयसिंग सोडायचं आणि सुईनं कोपऱ्याकोपऱ्यात ओढून घ्यायचं. या कामात बोलावं लागत नाही. आई जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर बसून बघत राहायची.

वाचेचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी चित्रांची कार्डं दिली होती. कप, ताट, संडास, खाट. आईनं त्यांच्यासमोर ती डाव्या हातानं खाली लोटून दिली. बालवाडीतल्या पोरासारखं आपल्याला वागवतात, असं तिला वाटलं असावं. बाई शांतपणे कार्डं गोळा करत म्हणाल्या, "चिडतात. होतं असं."

मग एकदा मी कुणाच्या तरी साठीच्या चहापानासाठी कपबशीच्या आकाराच्या कुकीज करत होते. आईनं एका कपावर बोट ठेवलं, स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि पुन्हा कपावर बोट ठेवलं. मी चहा केला. तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. "आईनं चहा मागितला!" तो हसला, मग म्हणाला, "जे जे लागेल ते सगळं काढ की तिला."

मी कुकीजवर काढलं. पंखा, खाट, तांब्या, देवघर, औषधाची बाटली, फोन, खिडकी. एका मोठ्या बशीत मांडून तिच्यापुढं ठेवलं. कागदाची कार्डं तिला नको होती, पण माझ्या हातची ही चित्रं चालली. पंख्यावर बोट, की पंखा बंद. फोनवर बोट, की भावाला व्हिडिओ कॉल. तो तिकडून "आई, कशी हाय तू?" म्हणायचा, ती "व्हय की" म्हणायची, आणि दोघंही हसायची. थोडे दिवस घरात जरा सुटल्यासारखं वाटलं.

मग ती बशीत नसलेलं काहीतरी शोधू लागली.

सगळ्या चित्रांवरून तिचं बोट फिरायचं. पंखा नाही, खाट नाही, फोन नाही. शेवटाला पोचली की ती माझ्याकडं बघायची. "व्हय की. व्हय की, व्हय की." हे रागाचं नव्हतं, विनवणीचं होतं. मी नवी चित्रं काढत गेले. बाबांचा चष्मा, तिची शिलाई मशीन, तुळस, पेरू, लुगडं, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी मागं पडायला लागल्या, तरी रोज एकदोन नवी कुकी तिच्या बशीत पडायची. ती प्रत्येकीकडं आशेनं बघायची आणि बाजूला सारायची.

एकदा घराच्या चित्रावर ती थबकली. बोट उचललं, पुन्हा ठेवलं. मला वाटलं, सापडलं. रविवारी आम्ही गाडी काढून तिला बार्शीला तिच्या घरी घेऊन गेलो. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती, चेहरा शांत होता. घरासमोर गाडी थांबली. शेजारच्या काकू पदराला हात पुसत धावत आल्या. "अगंबाई, आलीस व्हय! उतर की, चहा घिऊन जा." नवऱ्यानं दार उघडून हात पुढं केला. आई उतरेना. तिनं घराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि सीटवर डावा हात आपटत रडू लागली. काकू "काय झालं, काय झालं" करत तिची पाठ चोळत राहिल्या. तिला हवं होतं ते घर नव्हतं. किंवा घरच होतं, पण हे नव्हतं. नवऱ्यानं गाडी वळवली.

रमजान ईद जवळ आली तेव्हा मोठी ऑर्डर होती. चंद्र, तारे, कंदील. नव्या पेठेत ज्यांचं कापडाचं दुकान आहे त्या आपा दर ईदला माझ्याकडून नेतात. त्या न्यायला येणार त्या दिवशी कुकीज खोक्यांत भरून झाल्या होत्या आणि एक कुकी कोरी उरली होती, नुसतं पांढरं आयसिंग दिलेली. का कुणास ठाऊक, मी ती आईपुढं ठेवली आणि तिच्या डाव्या हातात निळ्या रंगाचा कोन दिला.

"तूच काढ आई. काय हवंय ते काढ."

तिनं कोन मुठीत धरला. मी तिच्या मुठीखाली हात धरला होता, पण ओढत मात्र तीच होती. एक वाकडी रेघ डावीकडून निघाली, वर गेली, खाली आली. मग रेघेच्या पोटात एक ठिपका. मग अजून एक, दाबून, जाड. तिनं कोन खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. झटक्यानंतर तिचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. सगळं सांगून झाल्यावर माणूस उत्तराची वाट बघतो, तशी ती वाट बघत होती.

मला काही कळलं नाही.

"रस्ता आहे का? नदी? साडीचा काठ? डोंगर?"

"व्हय की," ती प्रत्येकाला म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी चेहऱ्यावरचा उजेड थोडा कमी होत होता. मी फोटो काढून भावाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "ताई, वेल असंल काय गं? का आपला बैल? उलटा धरून बघ." मी कुकी फिरवून पाहिली. उलटी, आडवी. सगळीकडून ती एक रेघ आणि दोन ठिपकेच दिसत होते.

एवढ्यात आपा ऑर्डर न्यायला आल्या. त्यांना आईचं माहीत होतं. आईशेजारची खुर्ची ओढून त्या बसल्या आणि कुकी निरखून बघू लागल्या.

"अम्मी, ये दुपट्टा है क्या? नै? परिंदा?"

"व्हय की," आई म्हणाली. आता अगदी हळू.

आपांनी तिचा निर्जीव उजवा हात आपल्या हातात घेतला. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "अम्मी को तो मालूम है ना. हमकोच नै मालूम."

मी खोक्यांना फिती बांधायचं निमित्त करून पाठ फिरवली. मागं कुरुमकुरुम आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर आई ती कुकी खात होती. अजून ओलं असलेलं निळं आयसिंग तिच्या ओठांना, हनुवटीला लागलं होतं. आपांनी आपल्या ओढणीच्या टोकानं ते पुसलं. आई सावकाश चावत होती, भाकरी खावी तशी. तिनं ती सगळी संपवली.

त्यानंतर तिनं शोधणं सोडलं. बशीत नवीन काही ठेवलं तरी बोट फिरवत नाही. चहा, खाट, औषध, एवढ्यावर तिचं भागतं. नवरा म्हणतो, "आई आता शांत झाल्यात." वाचेच्या बाईही म्हणाल्या, "स्वीकारलंय त्यांनी." मी मान हलवते. तिला जे सांगायचं होतं ते ती विसरली, की मला सांगण्यात अर्थ नाही हे तिच्या लक्षात आलं, हे विचारायची माझ्याकडं सोय नाही. विचारलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे.

काल राख्यांच्या आकाराच्या कुकीज करत होते. मधेच तिनं डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. मी थांबले. "काय गं आई?" ती खिडकीबाहेर बघत होती. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. आईनं हात काढला नाही. माझ्या हातातल्या कोनाचं टोक सुकत चाललं होतं, तरी मी तशीच बसून राहिले.