वायफाय जोडलंय, पान उघडंना

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते अंगावर येतात. लग्नाच्या पंगतीत पहिला घास तोंडात घातला की शेजारचा माणूस हळूच विचारतो, "बालाजी, आमचा लॅपटॉप वायफायला जोडतोय, पर काईच उघडंना. कामून?" त्या 'कामून'ला पन्नास उत्तरं आहेत आणि प्रत्येक उत्तरामागं एखादं घर आहे.

हे सांगतोय ते २०११चं. कर्नाटकातल्या हुमनाबादला मल्लण्णाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही तिघं होतो. मालक मल्लण्णा, घरोघरी वायरी ओढून राऊटर बसवणारे युसूफभाई, आणि बिघाड शोधणारा मी. मी मुळात घाबरट माणूस. स्क्रू उघडतानाही मनातल्या मनात देवाचं नाव घेणारा!

त्यात त्या महिन्यात शिक्षकभरतीचे फॉर्म निघालेले. सगळं ऑनलाईन. मराठी माध्यमाच्या जागा मोजक्याच. माझी बायको रंजना डी.एड. करून सात वर्षं घरात बसलेली, आणि वयाची अट बघता हा तिचा शेवटचा फॉर्म. तोही अडकलेला, कारण तहसीलचा रहिवासी दाखला येईना. मी दिवसभर दुसऱ्यांची नेटं चालू करत फिरायचो आणि मधेच तहसीलला चक्कर मारायचो.

*

निर्णा गावाहून एका गुरुजींचा फोन आला. रिटायर झालेले, अतिशय टापटिपीचे. त्यांच्या सुनेला तोच फॉर्म भरायचा होता.

"वायफायच्या चारी कांड्या फुल्ल हाईत, बालाजी. पर एक पान उघडत न्हाई. पोरगी रडायली."

गाडी काढून गेलो. राऊटर लखलखीत पुसलेला. मागं हात घातला तर फोनची वायरच गायब!

"गुरुजी, हितली वायर कुठाय?"

गुरुजींनी कपाट उघडलं. नीट गुंडाळून, वर दोरा बांधून ठेवलेली वायर माझ्या हातात दिली. "तुमीच म्हणलाव न्हव, वायफाय म्हंजे बिनवायरचं? मग ही कशाला लोंबकळत ठिवायची?"

चूक माझीच. बसवताना मी घाईत तेवढंच सांगून निघालो होतो. आता बसून समजावलं, की राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत वायर नको, पण राऊटरला बाहेरून नेट याच वायरीतनं येतं. गुरुजींनी मान डोलावली. वायर लावली, पान उघडलं, सून हसली. मी चप्पल घालतोय तोवर मागून गुरुजी म्हणाले, "मग ही दुसरी लाईटची हाय, ती तरी काढावी का?"

*

हुमनाबादच्याच एका गल्लीत बँकेत काम करणाऱ्या एक अक्का राहायच्या. त्यांची तक्रार आठवड्यात तीनदा आली. वायफाय जोडलेलं, पानं बंद. मी जायचो, काहीतरी करायचो, चालू व्हायचं. मी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत पुन्हा बंद! दोनदा तर सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. अक्का माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की मला त्यांच्या घरात पाणी मागायची लाज वाटायची.

तिसऱ्यांदा वैतागून मी त्यांचा राऊटरच बंद केला. बटण बंद, दिवे बंद. आणि लॅपटॉप म्हणतोय, वायफाय जोडलेलं आहे!

अक्का म्हणाल्या, "करणी-बिरणी तर न्हाई न्हव?"

करणी शेजारी होती. शेजारचे लोक राऊटर चालू ठेवून पोराकडं पुण्याला गेलेले. त्यांची लाईन महिनाभर मेलेली, पण वायफाय जिवंत. आणि त्या वायफायचं नावही तेच, पासवर्डही तोच! अक्कांचा लॅपटॉप कधी ह्या घरात, कधी त्या घरात.

दुकानात येऊन युसूफभाईंना विचारलं. ते बिडी विझवत शांतपणे म्हणाले, "पूरे गल्ली का एकीच रखा मैं. याद रैना बोलके!"

मल्लण्णानं कपाळावर हात मारला. पुढचे चार दिवस मी गल्लीतल्या अकरा घरांची नावं बदलत होतो. तहसीलला चक्कर मारायची तेवढी राहून गेली. त्या रात्री रंजनानं माझं ताट झाकून ठेवलं आणि झोपून गेली.

*

मग एक बेंगळुरूचा इंजिनिअर. सुट्टीला गावी आलेला, कंपनीचा लॅपटॉप घेऊन. पोरगा दुकानात काउंटरला टेकून उभा, चेहरा पांढरा. "सर फोनवर फोन करायलेत. घरचं वायफाय जोडतंय, पर काईच उघडंना. माझी नोकरी जाईल!"

मागं त्याचे वडील. त्यांना नेट म्हणजे काय ते माहीत नाही, पण 'नोकरी जाईल' एवढं कळलेलं. ते माझा हात धरून म्हणाले, "लेकरू लई शिकलंय, बाबा. बघा काईतरी."

बघितलं. कंपनीनं लॅपटॉपला शिकवून ठेवलेलं, की बाहेरच्या जगात जायचं तर आमच्या ऑफिसच्या दारातनंच जायचं. आता ते दार बेंगळुरूत आणि लॅपटॉप हुमनाबादेत. सेटिंगमधली एक बरोबरची खूण काढली, चालू झालं.

वडिलांना हे कसं सांगावं म्हणून मी शब्द शोधत होतो. मल्लण्णानं हिशेबाची वही न सोडता सांगून टाकलं, "काई न्हाई, अप्पा. पोरगं सुट्टीवर आलंय, डब्बा अजून ऑफिसलाच जायलाय!"

*

फॉर्मची मुदत दोन दिवसांवर आली. दाखला अजून नाही. त्यात मुडबीच्या सुरेखाताईंचा, आमच्याच एका गिऱ्हाइकाचा, फोन. "दादा, फॉर्म अर्धा भरला की नेट जायलंय. सकाळपासून सात बार झालं!"

गेलो. मी बसलो की नेट चालू. उठलो की चालू. काही सापडेना. तेवढ्यात टेबलावरचा फोन खणाणला आणि पान गोठलं. त्यांनी रिसीव्हर उचलला. भालकीहून मामा विचारत होते, "फॉर्म भरलीस का गं?"

फोन आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी असते. ती बसवायची आम्हीच विसरलो होतो. घंटी वाजली की नेट खलास. सुरेखाताईंच्या सासर-माहेरची सगळी माणसं काळजीनं सकाळपासून फोन करत होती.

मी डबी बसवायला बसलो. पुन्हा घंटी. सुरेखाताईंनी रिसीव्हर हिसकावल्यासारखा उचलला आणि कोण आहे ते न ऐकताच ओरडल्या, "तुमी सगळे इचारायचं बंद करा, म्हंजे भरते!"

पलीकडं सासरे होते!

हा किस्सा घरी रंजनाला रंगवून सांगितला. ती हसली नाही. "तिचा अर्धा तरी भरलाय," म्हणाली. "माझा दाखला कुठाय?"

*

दाखला आला तो शेवटच्या दिवशी, सकाळी अकराला. पाच वाजता साईट बंद होणार. मी कागद घरी नेऊन रंजनाच्या हातात दिला आणि दुकानात आलो. म्हटलं, सुटलो.

दोन वाजता तिचा फोन. "अवो, वायफाय जोडलंय. पान उघडंना."

तशीच गाडी काढली. घरी पोचलो तर रंजना लॅपटॉपसमोर बसलेली आणि माझी माय तिच्या मागं भिंतीला टेकून. वायर बघितली, लावलेली. नाव बघितलं, आपलंच. डबी जागेवर. राऊटर चारदा बंद-चालू केला. फॉर्मचं पान उघडेना, मेल उघडेना, बँकेचं उघडेना. दर वेळी इंग्रजीत लांबलचक काहीतरी यायचं आणि मी ते न वाचता बंद करायचो. गिऱ्हाइकांना रोज ओरडतो, पडद्यावर काय आलंय ते वाचा म्हणून! स्वतःवर आली की अक्षरं दिसत नाहीत.

नेट कॅफेवाल्याला फोन केला. बाजारात बारापासून लाईट नव्हती. दुकानातही नव्हती.

चारला मल्लण्णा आणि युसूफभाई एका गाडीवर आले. सात वर्षं वाट बघितलेली रंजना त्या खुर्चीत दगडासारखी बसलेली. मला तिच्याकडं बघवेना.

मल्लण्णानं चष्मा लावला आणि पडदा वाचला. एकेक शब्द, सावकाश. "हे म्हणतंय, साईटचं प्रमाणपत्र अजून निघालंच न्हाई. पुढच्या तारखेचं हाय." मग कोपऱ्यात बोट दाखवलं. "बालाजी, आज काय दसरा हाय?"

लॅपटॉपवर गेल्या वर्षीच्या दसऱ्याची तारीख होती. त्याच्या हिशेबानं आजची साईट अजून जन्मलीच नव्हती, मग तो तिच्यावर विश्वास कसा ठेवणार!

"ही तारीख कुणी बदलली?" मी ओरडलोच.

"मी," रंजना म्हणाली आणि रडायला लागली. मायला ती आत्याच म्हणते. "आत्या म्हणल्या, आज आमुशा हाय, नौकरीचा फॉर्म भरू नगंस. मी म्हणलं, येळवसेला शेतात पूजा करताव, जेवताव, ती बी आमुशाच की. तर म्हणल्या, ती येळवस हाय, ही आमुशा. मग मी ह्याच्यात दसरा करून दावला. तवा कुठं व्हय म्हणल्या."

माय साक्षरतेच्या वर्गात आकडे शिकलेली. सून तारीख दाखवेल आणि ती वाचून बघणार नाही, असं होणं शक्य नव्हतं, म्हणून ती खरीच बदलावी लागली.

मी तारीख नीट केली. घड्याळात चार वीस. पान उघडलं, झटक्यात. रंजनाचा हात मात्र तसाच थांबला. तिनं मायकडं बघितलं. मल्लण्णा छताकडं बघायला लागला, युसूफभाई चपलेकडं. आईला काय सांगू, बायकोला काय सांगू?

माय उठली. गुडघ्यावर हात टेकून लॅपटॉपपाशी बसली. पदरानं अंगठा पुसला आणि पडद्याच्या कोपऱ्यात, आजची तारीख होती तिथं, दाबून धरला.

"दसराच हाय," ती म्हणाली. "भर तू."

पाचला सात मिनिटं कमी असताना पावतीचा नंबर आला. तोवर मायनं अंगठा काढला नाही.