हिरव्या पालीचं पहिलं जेवण

भिजलेल्या काथ्याचा वास आला की पंचवटीतल्या आमच्या घरातली, तळाशी काथ्या अंथरलेली काचेची पेटी आठवते. लेकीनं पाळायला आणलेली हिरवी पाल चार दिवस बांबूआडून बाहेर आली नव्हती, खातही नव्हती, आणि आम्ही सगळे काचेला डोळे लावून बसलेलो. एरवी पाल दिसली की झाडू उचलणाऱ्या सासूबाईंनी पेटीवर आपलं जुनं लुगडं टाकलं आणि त्या तिच्याकडे पाठ करून मेथी निवडायला बसल्या. "तुम्हीही तोंडं फिरवा. नव्या घरात मलाही सगळ्यांसमोर घास गिळवत नव्हता." तासाभरानं लेकीनं हळूच पाहिलं, तर पाल केळ्याचा गर चाटत होती. मी नवी नवरी असताना माझ्या पहिल्या जेवणालाही सासूबाई अशाच पाठ करून बसल्या होत्या. त्याचा राग मी वीस वर्षं मनात धरला होता. आता त्या नाहीत, आणि त्या दिवशी तो राग गेल्याचं त्यांना सांगायचं राहूनच गेलं.