नखावर फिरणारी डिस्क

माझा नवरा रविवारी सकाळी डोंबिवलीत आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर प्लास्टिकची चकती नखावर फिरवायचा. तिला तो डिस्क म्हणायचा, सासूबाई ताटली म्हणायच्या आणि मी एका बाप्याचं खूळ म्हणायचे. तो डिस्कला गिरकी द्यायचा, ती त्याच्या बोटाच्या नखावर आडवी गरगरत राहायची. मग तो खाली वाकून आमच्या मुलीच्या इवल्याशा बोटावर ती तशीच फिरती सोडायचा. ती खिदळायची आणि मी गॅलरीतून पोहे गार होतायत म्हणून ओरडायचे.

मग तो गेला. ठाण्याला ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, हार्ट अटॅकने. डबा अर्धाच खाल्लेला होता. हे मला त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी आवर्जून सांगितलं. का सांगितलं असेल, ते मला अजून कळलेलं नाही.

मुलगी पाच वर्षांची होती. तिने त्याला विसरू नये, एवढंच मला हवं होतं. बाकी काही झालं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण ती विसरत होती, माझ्या डोळ्यांदेखत. मैदानावरचे व्हिडिओ सगळे त्यानेच काढलेले, त्यामुळे त्यात आम्ही आहोत, तो नाही, फक्त मागून त्याचा आवाज येतो. एकदा तो आवाज ऐकून तिने सहज विचारलं, "हे कोण बोलतंय?" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

तिला पक्कं आठवायचं ते एकच. "बाबा डिस्क फिरवायचा," ती म्हणायची, "आणि मग माझ्या बोटावर द्यायचा. तू दे ना." ज्या बाईने आयुष्यात धड चेंडू झेलला नाही, तिने ठरवलं की आपण हे शिकायचं.

नवऱ्याचा मित्र टिटवाळ्याला राहतो. दोघं मिळून खेळायचे. त्याला फोन केला, तर तो रविवारी आला. म्हणाला, "वहिनी, पहिलं काम नख वाढवा. डिस्क नखावर फिरते, बोटाची कातडी लागली की खल्लास." मी तर्जनीचं नख वाढवलं. कणीक मळताना त्यात पीठ अडकायचं. सासूबाईंना एरवी चाललं नसतं. आता त्या पोळ्या स्वतः करायला लागल्या.

शिकायला तसं सोपं आहे, असं ज्याला येतं तो म्हणतो. डिस्क एका हातात धरायची, मनगटाने गिरकी देऊन थोडीशी वर सोडायची आणि दुसऱ्या हाताचं नख बरोब्बर मध्यावर आणायचं. डिस्क ज्या बाजूला कलेल तिकडे बोट किंचित सरकवायचं. घाबरून हिसका द्यायचा नाही. मी प्रत्येक वेळी हिसका द्यायचे. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की ती अर्ध्यातूनच उडून जायची आणि मी साडीबिडीत असले तरी तिच्यामागे धावायचे. एक शेजारीण म्हणाली, "बरं झालं, मन रमवतेस." मला तिच्या डोक्यात डिस्क घालावीशी वाटली. मला मन रमवायचं नव्हतं.

महिने गेले. मला जमेना. नख लागलं की डिस्क खरखरायची आणि थांबायची. मुलगी कडेला बसून बघायची, मग बघेनाशी झाली, चपलेने माती उकरत बसायची. ते मला सहन व्हायचं नाही.

मित्र मधे कामासाठी बाहेरगावी होता. परत आला, तेव्हा त्याने माझा प्रयत्न पाहिला आणि डिस्क हातात घेतली. तिच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "वहिनी, ही कोणी घासलेली?"

मला लगेच कळलं. मैदानावरून डिस्क मातीने माखून यायची आणि रात्रीच्या भांड्यांबरोबर सासूबाई ती घासायच्या. साबण लावून, तारेच्या घासणीने, आतून बाहेरून. मग पुसून ताटांच्या रांगेत उभी करायच्या.

"आतून आरशासारखी गुळगुळीत असावी लागते ही," तो म्हणाला. "आम्ही स्प्रे मारायचो हिला, नख सरकायला. आता चरे पडलेत. यावर तो असता तरी त्यालाही जमलं नसतं."

मी तणतणत घरी आले, आज बोलायचंच असं ठरवून. सासूबाईंनी माझ्या हातातून डिस्क घेतली आणि विचारलं, "आज फिरली का गं?" मी नाही म्हणाले. त्या नळाखाली ती धरत म्हणाल्या, "फिरेल हो. त्याची वस्तू आहे, मळकी बरी नाही दिसत." मुलाचं करायला त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं. मी बाजूला उभी राहून त्यांना घासू दिलं.

पुढच्या रविवारी मित्र नवी डिस्क घेऊन आला. मुलगी फुरंगटून म्हणाली, "ही बाबाची नाहीये." मी म्हटलं, माहीत आहे, पण बघ तर. मी गिरकी दिली, नख खाली आणलं आणि डिस्क फिरत राहिली. काही आवाज नाही, काही धक्का नाही. इतके दिवस माझं चुकतच नव्हतं. मी हळूच वाकले. मुलगी उठून आली आणि तिने बोट पुढे केलं, न सांगता, बरोबर जसं धरायचं असतं तसं. डिस्क तिच्या बोटावर गेली, फिरली आणि पडली. ती हसली. तसं हसू मी तो गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मला वाटलं, वाचलं. निदान एवढं तरी मी तिच्यासाठी वाचवलं.

मित्र पाणी आणायला गेला होता. ती डिस्क उचलून माझ्याकडे देत म्हणाली, "आई, बाबा कुठल्या हातावर फिरवायचा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला उत्तर येईना. तो लिहायचा उजव्या हाताने, पण या खेळात गिरकी एका हाताने देतात आणि झेलतात दुसऱ्याने, कुठला कशाला ते ज्याच्या त्याच्या सवयीवर, म्हणून त्यावरून काही ठरत नव्हतं. मी डोळे मिटले. गॅलरी दिसली, मैदान दिसलं, डिस्क फिरताना दिसली आणि तिच्याखाली माझं बोट होतं. वाढवलेल्या नखाचं, माझं. इतके महिने मी तेवढंच बघत होते. त्याचा हात मला कुठेच सापडला नाही.

मित्राला विचारता आलं असतं. तो समोरून येतच होता, हातात बाटल्या घेऊन. पण आपला नवरा कुठल्या हाताने खेळायचा, हे बायकोने दुसऱ्याला विचारायचं?

"डाव्या," मी म्हणाले.

तिने मान हलवली, डावा हात पुढे केला आणि म्हणाली, "हां, आता आठवलं."