आण्णांचा गोल्फ आणि वरचं आभाळ

आण्णांच्या गोल्फचे किस्से मी मुद्दाम गोळा केले नाहीत. दर रविवारी एकेक पदरात पडत गेला. ऐकणारे पोट धरून हसतात. मीही हसतो, पण माझं हसणं तेवढं खरं नसतं.

आण्णा म्हणजे आमचे चौसाळ्याकडचे पुढारी. पुण्याच्या एका रिसॉर्टवर त्यांनी गोल्फ पाहिला आणि परत येऊन स्वतःच्या पडीक माळावर खड्डे खणून घेतले. खड्ड्यांशेजारी लावायला प्रचारातले उरलेले झेंडे होतेच. मध्ये आण्णांनी पक्ष बदलला, तेव्हा मैदानाचाही रंग बदलला!

सोबत आम्ही तिघं. बालाजी कंत्राटदाराला रस्त्याचं काम हवं होतं. जनावरांच्या डॉक्टरांना आपली बदली नको होती. आणि मी शाळामास्तर, मला बायकोची बदली हवी होती. ती तिकडं धर्मापुरीच्या शाळेवर, पोरगी तिच्याजवळ. तिला इकडं आणतो, असा आण्णांनी शब्द दिलेला. त्यामुळं बायको-पोरीला भेटायचा एकुलता एक रविवार मी माळावर काठी फिरवत घालवायचो. याचा मला अजून राग येतो.

*

हवा खराब असली की खेळायचं की नाही, हे ठरवायची आमची रीत होती. बाकीचे लोक आभाळाकडं बघतात, आम्ही आण्णांच्या तोंडाकडं बघायचो.

एकदा मी हिय्या करून ग्रुपवर काळ्या ढगांचा फोटो टाकला. त्याखाली आण्णांचा अंगठा आला. त्याचा अर्थ मला लागायच्या आत डॉक्टरांनी लिहिलं, 'वा, काय मस्त वातावरण आहे!'

मग मीही लिहिलं, 'म्हणून तर फोटो टाकला.'

*

भर मे महिन्यात उन्हाच्या झळांनी बालाजी चक्कर येऊन पडला. डॉक्टर म्हशींचे, पण वेळेला चालतात. त्यांनी तोंडावर पाणी मारलं. बालाजीनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय विचारावं?

"आण्णांचा बॉल कुठवर गेला?"

"लई लांब," डॉक्टर म्हणाले. आण्णांनी अजून मारलाच नव्हता.

*

गारपीट झाली, तेव्हाही आम्ही माळावरच. सगळा माळ पांढरा झालेला, त्यात पांढरा बॉल कुठून सापडणार? आण्णा हातात काठी घेऊन वाकून शोधत होते. रस्त्यानं जाणाऱ्या एका पेपरवाल्यानं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'भर गारपिटीत आण्णा थेट बांधावर!'

शेजारच्या रानातला गहू पार झोपला होता. त्याचा मालक पंचनाम्याचं विचारायला आला, तर आण्णा म्हणाले, "मी सोता बघून आलो की."

आम्ही तिघांनी माना डोलावल्या. त्या माणसाचं तोंड मला विसरता येत नाही.

*

आता शेवटचा. त्या रविवारी सकाळपासूनच गडगडत होतं. माळावर एकच लिंबाचं झाड, आणि डॉक्टरांचा बॉल नेमका त्याच्या बाजूला गेला. ते काठी घेऊन निघाले. थांबा म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. मी आण्णांकडं बघितलं. ते काही बोलले नाहीत, म्हणून मीही बोललो नाही. तेवढ्यात झाडावर वीज पडली. डॉक्टर लांब फेकले गेले. जीव वाचला, पण उजवा हात गेल्यात जमा आहे.

बीडच्या दवाखान्यात आण्णा नारळपाणी घेऊन आले. बराच वेळ त्या हाताकडं बघत बसले. मग म्हणाले, "डॉक्टर, एवढी हौस बरी न्हाई. मला तर ढग दिसले की घरी पडून राहावं वाटायचं. पण तुमी तिघं तयार होऊन येणार, मग तुमचं मन कसं मोडायचं? तुमच्यासाठीच येत होतो मी."

बालाजी नारळाच्या स्ट्रॉशी चाळा करत बसला. माझ्या बायकोच्या बदलीची ऑर्डर अजून निघालेली नव्हती. बाहेर पुन्हा गडगडलं. आण्णांनी खिडकीतून वर बघितलं.

"मग या रविवारी कसं करायचं?"

मी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी डावा हात पोटावर घेतला आणि छताकडं बघत म्हणाले,

"तुमी म्हणाल तसं, आण्णा."