लिफ्टवाल्याचे एकोणीस सेकंद

एका शिक्षणसंस्थेच्या सभागृहात मागच्या बाजूला, वर, काचेची एक खोली होती. तिथे बसून माईक आणि पडदा सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे 'आवाजवाले' म्हणत. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र फारसा कुणी ऐकलेला नव्हता. दाढी वाढवलेली, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि कुणी फोन उंच धरला की मान दुसरीकडे. सहकारी म्हणत, "आवाजवाल्यांचा फोटो काढणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं."

त्या दिवशी चार वाजता एका संशोधक बाईंचं व्याख्यान होतं. विषय होता, ऑनलाइन व्हिडिओंतली भीती आणि ती बघून हसणारे आपण. बाईंनी सकाळीच पेनड्राइव्ह आणून दिला. "सात क्लिपा आहेत. आवाज तेवढा बघून ठेवा," म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

आवाजवाल्यांनी एकेक क्लिप लावून पाहिली. चौथी सुरू झाली आणि ते चष्मा वर सारून पुढे झुकले.

पडद्यावर एका मोठ्या दुकानाची लिफ्ट होती. दिवा गेलेला, कुणाच्या तरी फोनचा उजेड, आणि त्या उजेडात गणवेशातला लिफ्टवाला दार बडवत ओरडत होता, "आई गं! सोडवा मला!" मागे लोक खिदळत होते. वरून कुणीतरी कोंबडीचा आवाज चिकटवलेला. जेमतेम एकोणीस सेकंद.

तो लिफ्टवाला म्हणजे तेच. बारा वर्षांपूर्वी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि यांचा श्वासच कोंडला. आठवड्याभरात तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. रस्त्यात पोरं कोंबडीसारखं ओरडू लागली. मालक म्हणाले, "गिऱ्हाइकं हसतात हो," आणि घरी बसवलं. मग त्यांनी गाव बदललं, बायको आणि चिमुरड्या लेकीला घेऊन. मेव्हण्याच्या मंडपाच्या धंद्यात माईकच्या वायरी ओढता ओढता हे काम शिकले. लेकीला यातलं अक्षर कळू दिलं नाही. झाकली मूठ बारा वर्षं झाकलेलीच राहिली होती.

आणि आता तीच लेक याच संस्थेत माध्यमांचा अभ्यास करत होती. चार वाजता तिसऱ्या रांगेत बसणार होती.

त्यांची पाचावर धारण बसली. क्लिप पुसून टाकावी? 'फाइल खराब निघाली' म्हणावं? पोट दुखतंय म्हणून घरी जावं? पण दुसरं कुणी येऊन लावेलच. शेवटी उठले आणि कॅन्टीनमध्ये बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, ती चौथी..."

"आवाज येत नाही का?"

"येतो. माझाच आहे तो."

बाईंना आधी अर्थच लागला नाही. मग त्यांनी दाढीआडचा चेहरा निरखून पाहिला आणि कप खाली ठेवला. "सात वर्षं मी ही क्लिप दाखवतेय," त्या हळूच म्हणाल्या. "हा माणूस कुठे असेल, असं कधी मनातही आलं नाही. काढून टाका. आत्ताच."

काढली. तरी चार वाजता काचेमागे बसले तेव्हा क्लिपांची यादी पुन्हा दोनदा तपासली. तीन क्लिपा झाल्या, मग थेट पाचवी. त्यांनी जरा कुठे पाठ टेकली, तोच प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मागून एकाने विचारलं, "मॅडम, तुमच्या लेखातला तो लिफ्टवाला नाही दाखवलात?"

"नाही. त्याची परवानगी मी घेतलेली नाही."

"हा काय, फोनवर आहे की!"

आणि सभागृहात तो आवाज घुमला. आई गं, सोडवा मला. दहाबारा जण हसले. आवाजवाल्यांच्या कानांत दडे बसले. तिसऱ्या रांगेतली लेक ताडकन उठली, फोनवाल्याकडे वळली आणि म्हणाली, "बंद कर ते." एवढंच. आवाजात असं काही होतं, की त्याने मुकाट्याने फोन खिशात घातला.

सभागृह रिकामं झाल्यावर ती वर आली. आवाजवाले वायरी गुंडाळत होते. मान वर करायचा धीर होत नव्हता.

"बाबा, मला आठवीपासून माहीत आहे," ती म्हणाली. "वर्गातल्या एकीने तो व्हिडिओ दाखवला होता. आवाजावरून ओळखलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"भीती वाटायची. मला कळलंय हे तुम्हाला कळलं, तर तुम्ही पुन्हा गाव सोडाल."

ते तिथेच खुर्चीत बसले. लेकीने खाली बसून उरलेल्या वायरी गोळा केल्या.

तो व्हिडिओ अजूनही फिरतो आहे. बाईंनी तो काढून टाकावा म्हणून संकेतस्थळांकडे अर्जामागून अर्ज केले, दोन ठिकाणांहून तो निघाला, पाच ठिकाणी नव्याने चढला. कुणी फोन वर धरला की आवाजवाल्यांच्या छातीत अजून धस्स होतं. फक्त आता घरी आल्यावर ते सांगतात, "आज पुन्हा घाबरलो गं," आणि लेक विचारते, "कुठे? कधी?" मग ते सगळं सांगतात.