सटवाई कोणत्या मजल्यावर येणार?

मी देवभोळी नाही. नवस बोलण्याआधी मी कामांची यादी करते. पण त्या दिवशी यादीतलं सगळं करून झालं होतं आणि नातू अजून आईच्या कुशीत नव्हता.

पनवेलच्या त्या हॉस्पिटलात लेकीचं सिझेरियन झालं. बाळ दिवसांआधीच आलेलं, म्हणून वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत. लेक खाली बाळंतिणींच्या वॉर्डात. तिला हिंडायची परवानगी मिळाली होती, दूध उतरून छाती दगडासारखी झाली होती, आणि वर बाळाच्या ओठांतून वाटीतलं दूध ओघळून जात होतं. वजन उतरत होतं. खालच्या सिस्टर म्हणायच्या, वरून बोलावणं आल्याशिवाय पेशंट सोडता येत नाही. वरच्या म्हणायच्या, आईला आणणं खालच्यांचं काम. माणसं वाईट नव्हती. मधला जिना कोणाच्याच ड्यूटीत नव्हता, एवढंच.

पाचवीला विचुंब्याहून विहीणबाई पूजेचं सामान घेऊन आल्या. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आणि पेनही होतं. त्या म्हणाल्या, "पूजा घरी करू. हितं कोन करू देनार हाय?"

"आणि तिनं रिकाम्या पाळण्याचं नशीब लिहायचं?" मी म्हटलं. कागद-पेन पर्समध्ये टाकलं आणि मनात सटवाईलाच सुनावलं, लिहिणारी तू आहेस की हे दोन मजले, आज ठरव.

लिफ्टजवळ बुरख्यातल्या एक बाई डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांचाही नातू वरच होता. "ताई, विचारता कशाला?" त्या म्हणाल्या. "विचारलं की नाही म्हणणं सोपं जातं. आई दारात आली की परत कोण पाठवतंय? मी सुनेला तशीच नेते. चला, खुर्ची मी धरते."

चाकाच्या खुर्चीत लेकीला बसवून आम्ही वर गेलो. मोठ्या सिस्टरनी दारातच विचारलं, परवानगी कोणाची?

मी पाचवीचा कागद आणि पेन पुढे केलं. "कोणाचीच नाही. आईला बाळाजवळ जाऊ दिलं नाही, एवढं सहीनिशी लिहून द्या. आम्ही जातो."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग लेकीच्या दुधानं भिजलेल्या गाऊनकडे. पेन काही हातात घेतलं नाही. "हात धुऊन घे," त्या लेकीला म्हणाल्या.

बाळ छातीवर आलं. आधी नुसतंच हुंगत राहिलं, मग ओढू लागलं. काचेबाहेर विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी स्वतःच खाली फोन करून लेकीला बोलावून घेतलं. त्या बाईंना सांगायला मी लिफ्टपाशी गेले, तर बाक रिकामा. नातवाला घेऊन त्या घरी गेल्या होत्या. माझ्यासारखीनं त्यांचं नावसुद्धा टिपून घेतलं नव्हतं.

तो कागद कोराच देव्हाऱ्यात ठेवला आहे. रोज हात जोडते, त्या बाईंसाठीही. शरण जायचं ते सटवाईला. जिन्याला नाही.